ऑर्विनला कुणी विचारलं नाही

फादर एंगेलबर्टनी तिसरं नाव घेतलं, तेव्हा आर्डिसची पेन्सिल कागदावरच थांबली.

विभागाचा अंतिम सामना संपून अजून तासही झाला नव्हता. हेगन लेक हरलं होतं, नऊ विरुद्ध चार, आणि सेंट आल्बिन राज्य स्पर्धेला निघालं होतं. त्या भागातली रीतच अशी होती की जिंकलेल्या गावानं हरलेल्या गावांमधून तीन पिचर निवडायचे आणि ते तिघं राज्य स्पर्धेपुरते त्या गावाकडून चेंडू टाकायचे. कुंपणालगतच्या कॉटनवूडच्या झाडाखाली एक लांब टेबल टाकलेलं असायचं, त्यावर हॅमची सँडविचेस आणि बियरचे क्रेट. प्रत्येक गावाची धावांची वही लिहिणारं माणूस नावं टिपायला तिथे हजर असायचं. हेगन लेकची वही आर्डिस नायगार्ड एकोणीस वर्षं लिहीत होती.

फादर सेंट आल्बिनचे पाद्री आणि तिथल्या संघाचे मॅनेजरही. त्यांनी पहिली दोन नावं दुसऱ्या गावांतल्या तरुण मुलांची घेतली. तिसरं नाव डेल ब्रेकेचं असणार हे सगळे धरूनच चालले होते. एकोणीस वर्षांचा डेल, आगीसारखा चेंडू टाकणारा. त्यानं तर टोपी काढून केससुद्धा नीट केले होते.

"ऑर्विन नायगार्ड," फादर म्हणाले.

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं करून गप्प झालं. हेगन लेकचा मॅनेजर लॅरी डेलान्सी पुढे झाला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, सत्तावीस वर्षांचा होता आणि पहिल्या बेसवर, धावणाऱ्याच्या पहिल्या थांब्यावर, खेळायचा. तो अदबीनं म्हणाला, "फादर, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. ऑर्विननी या मोसमात सगळे मिळून अकरा डाव टाकलेत."

"बारा," आर्डिस वहीतून डोकं वर न काढता म्हणाली. "बारा डाव आणि वर एक गडी."

"मग बारा डावांचा माणूस द्या मला," फादर म्हणाले आणि त्यांनी सँडविच उचललं.

ऑर्विन तिथे नव्हताच. सामना संपला की नेहमी करायचा तेच तो आताही करत होता. हातात दाताळं घेऊन, पिचर जिथून चेंडू टाकतो त्या मधल्या मातीच्या उंचवट्यावरचे खड्डे बुजवत होता. आर्डिसनं आपल्या नवऱ्याला लांबून पाहिलं. निळा शर्ट पाठीवर कोरडा होता. सगळ्या संघात तेवढा एकच कोरडा शर्ट.

तो उन्हाळा १९७४ चा. आता ते झाड राहिलं नाही आणि ते टेबलही नाही, पण त्या दिवसांत मिनेसोटाच्या त्या पट्ट्यात रविवारची दुपार म्हणजे बेसबॉल. चर्चमधून घरी येऊन जेवण व्हायच्या आत मैदानाभोवती गाड्या लागलेल्या असायच्या. आणि हेगन लेकचा पिचर म्हणजे ऑर्विन नायगार्ड, असं सतरा-अठरा वर्षं चाललं होतं. आठवडाभर डेअरीत लोण्याची पिंपं हलवायची आणि रविवारी डाव्या हातानं हळू, आळशी वाटणारे, शेवटच्या क्षणी कडेला सरकणारे चेंडू टाकायचे. त्याचा चेंडू येताना पाहून बॅटवाले खूश व्हायचे आणि परत जाताना बॅटकडे संशयानं पाहायचे.

बेचाळिसाव्या वर्षी, त्या मोसमात, तो बाकाच्या टोकाला बसला. नव्या मॅनेजरनं रविवारमागून रविवार डेलला चेंडू दिला. सामना हातातून गेलाच असला तर शेवटी ऑर्विनला. आज सहाव्या डावात पाच-चार अशी अटीतटी होती, समोर सेंट आल्बिनचे डावखुरे, ज्यांना डावखुरा पिचरच जड जातो, एकामागून एक येत होते आणि डेलची मान खाली जाऊ लागली होती. तेव्हा ऑर्विन उठला होता, त्यानं हातमोजाही उचलला होता. लॅरीनं त्याच्याकडे पाहून अंगठा वर केला आणि हसला. ऑर्विन परत बसला. त्यानंतर चार धावा गेल्या.

गावात कुणी लॅरीला काही बोललं नाही. हेगन लेकमध्ये माणसाला तोंडावर काही बोलायची पद्धत नव्हती. फक्त चर्चच्या तळघरात त्याच्या कपात येणारी कॉफी पातळ होत गेली. ती पातळ कॉफी ओतणाऱ्यांत आर्डिसही होती.

घरी जाताना गाडीत तिनं ऑर्विनला फादरनी त्याला निवडल्याचं सांगितलं. एक कागद होता, त्यावर बुधवारी दुपारपर्यंत सही करायची होती.

"कशाला," ऑर्विन म्हणाला. थोड्या अंतरानं म्हणाला, "दमलाय म्हातारा. उन्हात बसून बसून."

"फादर?"

"हो ना. नाहीतर असं नाव कोण घेतंय."

त्याच संध्याकाळी त्यानं हातमोज्याला तेल लावून तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि जिन्याखालच्या खणात ठेवला. दर वर्षी तो हे ऑक्टोबरात करायचा. हा ऑगस्ट होता. आर्डिस ताटं विसळत होती. तिनं ते पाहिलं. हात थकला म्हणून माणूस थांबला असता तर तिनं स्वतःच तो खण उघडून दिला असता. पण हात थकला नव्हता. रोज संध्याकाळी हा माणूस कोठाराच्या भिंतीवर खडूनं काढलेल्या चौकोनात चाळीस चेंडू टाकत होता. त्यांचा ठक-ठक आवाज तिनं सबंध उन्हाळा ऐकला होता.

मंगळवारी चार वाजता फादर एंगेलबर्टची धुळकट फोर्ड दारात उभी राहिली. लुथरन पंथाच्या घराच्या दारात कॅथलिक पाद्री, तेही दिवसाढवळ्या. समोरच्या मिसेस स्क्राम्स्टाडनी पडदा सारला तो सारलेलाच ठेवला.

फादर साठीचे, पैलवानासारख्या मानेचे. जर्मन शेतकऱ्यांच्या गावात जन्मलेले, पण तीस वर्षं या नॉर्वेजियन लोकांच्या शेजारात काढलेले. आर्डिसनं कॉफी विचारली. ते म्हणाले, नको, तुम्ही उगाच त्रास घेऊ नका. तिनं पुन्हा विचारलं. ते म्हणाले, छे छे, आत्ताच घेऊन निघालो. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप. मग त्यांनी तीन कप प्यायले आणि वर रूबार्बच्या आंबटगोड पाईचे दोन तुकडे खाल्ले.

ऑर्विन डेअरीतून आला, हात धुऊन टेबलाशी बसला. हवेबद्दल बोलणं झालं, मक्याबद्दल झालं. मग फादर म्हणाले, "ऑर्विन, आमच्याकडून टाकाल ना?"

"छे, मी कशाला. तुमच्याकडे चांगली पोरं आहेत."

"पोरं आहेत. तुम्ही टाकाल का?"

"मी आता म्हातारा झालो, फादर. डेलला घ्या. अजून बदलता येईल नाव."

फादरनी कपातली कॉफी ढवळली. घाई म्हणून नव्हती त्यांना. "डेल चांगला आहे," ते म्हणाले. "मी त्याला घेतलं नाही. मी तुम्हाला घेतलं. आणि का ते सांगतो. नऊ डाव तुमच्याच्यानं होणार नाहीत, तो काळ गेला. चार डावही मी मागणार नाही. शनिवारी आमची गाठ ब्रॅडी क्रॉसिंगशी. त्यांच्याकडे ते दोघं वॉल्ड्रन भाऊ आहेत, दोघंही डावखुरे, दोघंही बैलासारखे. माझ्या पोरांचे चेंडू ते नदीपार मारतील. सातव्या डावाच्या आसपास मला त्या दोघांसाठी तुम्ही हवे आहात. त्यांच्यापुरते. पुढचं पुढे बघू. तोपर्यंत तुम्ही बाकावर बसाल आणि मी तुम्हाला दर डावाला सांगेन की तुम्ही का बसलाय. आता सांगा, टाकाल?"

तो काळ गेला, असं या घरात कुणी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ऑर्विनचे कान लाल झाले. आता हा उठून बाहेर जाणार, असं तिला वाटलं.

"धाकटा वॉल्ड्रन," ऑर्विन म्हणाला, "पुढच्या पायावर फार लवकर येतो."

"येतो का?"

"येतो. पेन आहे का तुमच्याकडे?"

फादर गेल्यावर आर्डिस जिन्याखालच्या खणाशी गेली. खण रिकामा होता. कोठाराच्या बाजूनं ठक आवाज आला, मग पुन्हा ठक. ती तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ एकटीच हसत राहिली.

बुधवारी लॅरी डेलान्सी संघाच्या चेंडूंची पिशवी ठेवायला आला. पिशव्या हिवाळ्यात नायगार्डांच्या कोठारात असायच्या. ऑर्विन कामावर होता. लॅरी दारातच घोटाळला.

"मिसेस नायगार्ड, एक विचारू? ऑर्विनना खरंच टाकायचं होतं का? म्हणजे, त्यांनी सही केली असं ऐकलं."

आर्डिस भांडी पुसत होती. "त्याला टाकायचं नव्हतं असं तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. एप्रिलमध्ये मी मुद्दाम डेअरीत गेलो होतो. म्हटलं, रविवारी सुरुवात तुम्ही करायची, तुम्ही आमचे मोठे. ते म्हणाले, पोरांना दे. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो, म्हटलं, खरंच नको ना? ते म्हणाले, नको नको, मी कशाला. मला तर भरून आलं. एवढा मोठा खेळाडू आणि आपणहून बाजूला होतोय. मी माझ्या वडिलांना पत्रात लिहिलंसुद्धा."

आर्डिसच्या हातातलं फडकं थांबलं. "दोनदा विचारलंस?"

"हो. दोनदा."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा कशाला? माणूस दोनदा नाही म्हणाला म्हणजे नाहीच ना?"

ती खुर्ची ओढून खाली बसली. लॅरी शिकागोचा. गावात आला त्या पहिल्याच रविवारी, पहिल्याच विचारण्याला त्यानं पाईचा तुकडा उचलला होता आणि बायका आठवडाभर त्याबद्दल बोलत होत्या. तेव्हा तो हावरा आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्याला ठाऊकच नाही, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

"लॅरी," ती म्हणाली, "इथे पहिल्यांदा विचारतात ते बोलायचं म्हणून. दुसऱ्यांदा विचारतात ते बरं दिसावं म्हणून. माणूस उत्तर देतो ते तिसऱ्यांदा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. "मग अख्खा उन्हाळा ते..."

"अख्खा उन्हाळा तो वाट बघत होता. मे महिन्यात तर त्याला वाटत होतं, तू येशीलच."

"आणि रविवारी मी अंगठा दाखवला."

"दाखवलास."

"मला वाटलं, ते म्हणतायत गरज पडली तर आहे मी. मी म्हटलं, बसा तुम्ही आरामात." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पण मला कुणी सांगितलं का नाही?"

दर रविवारी ती या पोरापासून हातभर अंतरावर बसत होती. एका वाक्याचं काम होतं. "मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मी नुसती कॉफी पातळ करत राहिले."

"ती मुद्दाम होती?"

"मुद्दाम होती."

रात्री जेवताना तिनं ऑर्विनला सगळं सांगितलं. तो बटाटे कुस्करत होता. म्हणाला, "दोनदा आला होता खरा." आणखी थोड्या वेळानं म्हणाला, "बिचारं पोर." आणि त्यानं तिसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले.

शनिवारी एक वाजता केलर फॉल्सच्या मैदानावर राज्य स्पर्धेचा सामना सुरू झाला. सेंट आल्बिनच्या बायकांनी आर्डिसला आपल्यात ओढून घेतलं होतं. त्यांची वही फादरची बहीण लिहीत होती, तेव्हा आर्डिसच्या हाताला कामच नव्हतं. हात मोकळे असले की माणसानं सामना कसा बघायचा हेच तिला कळेना. ऑर्विन बाकावर बसला होता, लाल शर्टात. तो शर्ट कसायाच्या दुकानातल्या कुणाचा तरी होता आणि पोटावर घट्ट होता. डोक्यावर मात्र त्यानं हेगन लेकची निळी टोपी ठेवली होती आणि फादरनी ती ठेवू दिली होती.

दर डाव संपला की फादर त्याच्याशेजारी जाऊन बसत. दोघांची डोकी एकत्र येत. ऑर्विन हातानं काहीतरी दाखवी आणि फादर मान हलवत. चौथ्या डावानंतर ऑर्विननं पहिल्या बेसवर खेळणाऱ्या मुलाला बोलावून घेतलं. थिओ नावाचा उंच पोरगा होता. ऑर्विन बोलतोय आणि तो थिओ ऐकतोय, हे आर्डिसनं पाहिलं आणि तिला वाटलं, या वर्षात मी त्याला मैदानावर इतका बोलताना एकदाही पाहिला नाही.

सहाव्या डावात मागच्या बाजूला गडबड झाली. आर्डिसनं वळून पाहिलं. हेगन लेकच्या गाड्या येत होत्या. पुढे लॅरीची हिरवी गाडी, तिच्यात डेल आणि आणखी पाच जण कोंबलेले. तिच्यामागे डेअरीचा ट्रक, ट्रकमागे मिसेस स्क्राम्स्टाड स्वतः गाडी चालवत. सगळे निळ्यातच आलेले. ते चुपचाप येऊन सेंट आल्बिनच्या लाल माणसांत बसले. एका जाड्या जर्मन शेतकऱ्यानं डेलला म्हटलं, काय रे, रस्ता चुकलात का? डेल म्हणाला, "आमचा माणूस तुम्ही पळवलात, तो नीट वापरताय का ते बघायला आलोय."

सातव्या डावाच्या मध्यावर सेंट आल्बिन तीन-दोननं पुढे होतं, एक गडी बाद होता आणि ब्रॅडी क्रॉसिंगची माणसं तिन्ही बेसवर उभी होती. थोरला वॉल्ड्रन बॅट फिरवत निघाला. फादर उठले, ऑर्विनच्या खांद्यावर हात ठेवून काही म्हणाले आणि तो मातीच्या उंचवट्याकडे चालू लागला. धावत नाही, चालतच. डेअरीत सकाळी कामावर जातो तसा.

ब्रॅडी क्रॉसिंगच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, काठी विसरलात."

पहिला चेंडू इतका हळू आला की थोरल्या वॉल्ड्रननं बॅट फिरवून झाली तरी तो यायचाच होता. लोक हसले. दुसऱ्या चेंडूला हसू कमी झालं. तिसऱ्याला वॉल्ड्रन गुडघ्यावर पडला आणि पंचानं हात वर केला. बाद. धाकटा आला. तो पुढच्या पायावर लवकर आला, अगदी सांगितल्यासारखा, आणि त्याचा चेंडू टप्पे घेत सरळ ऑर्विनच्या हातमोज्यात गेला. तो बेसवर पोचायच्या आत ऑर्विननं चेंडू तिथे थिओकडे फेकला. डाव संपला. आर्डिसनं पाहिलं तर तिनं शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरला होता आणि त्या बाईनं तिचा.

त्याचं काम तेवढंच ठरलं होतं. पण आठव्या डावातही फादरनी त्यालाच पाठवलं आणि आठवा डाव त्यानं सतरा चेंडूंत संपवला. धावफलक तीन-दोनवरच होता.

नववा, शेवटचा. आता मात्र त्याचा हात खाली येऊ लागला होता. आर्डिसला ते इतक्या लांबून दिसत होतं. चेंडू टाकून झाल्यावर तो बोटं झटकत होता. दोन गडी बाद झाले, पण मधे एक फटका गेला, मग दुसरा. ब्रॅडी क्रॉसिंगचा एक माणूस दुसऱ्या बेसवर, एक तिसऱ्यावर. एक साधा फटका गेला की दोघंही धाव पुरी करणार आणि सामना गेला. समोर आला मॅकगिलिव्हरे नावाचा दांडगा, उजव्या हाताचा, डावखुऱ्या पिचरचे चेंडू चवीनं खाणारा. सेंट आल्बिनचा तरुण पिचर बाजूला हात गरम करून तयार होता.

फादर मैदानात निघाले. काळा झगा नाही, लाल टोपी आणि मोठी पावलं. नियम सगळ्यांना माहीत होता. एकाच डावात मॅनेजर एकदाच जाऊ शकतो, दुसऱ्यांदा गेला की पिचर बदलावाच लागतो.

आर्डिसच्या मनात आलं, आता हा म्हणेल, त्या पोराला द्या. फादर विचारतील, पुन्हा विचारतील, आणि पंच येऊन म्हणेल, पुरे करा. ती उठून उभी राहिली. तिथे ते काय बोलले ते तिला नंतर कळलं. फादरनी विचारलं, थकलात का. आणि ऑर्विन म्हणाला, "थकलोय. पण हा गडी मला हवाय."

लांबून तिला एवढंच दिसलं की फादरचे ओठ एकदा हलले, ऑर्विनचे एकदा हलले आणि फादर वळून परत निघाले. चेंडू ऑर्विनच्याच हातात होता.

"विचारलं एकदाच," लॅरी तिच्या मागे कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. "मिसेस नायगार्ड, त्यांनी एकदाच विचारलं."

"गप्प बस आणि बघ," आर्डिस म्हणाली.

पहिला चेंडू बाहेर. दुसऱ्यावर मॅकगिलिव्हरेनं असा फटका मारला की चेंडू कुंपणावरून गेला, पण रेषेच्या हातभर बाहेरून, म्हणजे धाव नाही, नुसता एक स्ट्राइक. लाल आणि निळी माणसं एकदम खाली बसली आणि एकदम उठली. तिसरा बाहेर. चौथा आत, पंचानं दुसरा स्ट्राइक दिला, तिसऱ्याला गडी बाद. पाचवा बाहेर, आणखी एक बाहेर गेला की बॅटवाल्याला बेस फुकट. आता दोघांनाही मागे जायला जागा नव्हती.

ऑर्विननं हातमोजा काढला, काखेत धरला, तळहात पँटला पुसले आणि तो पुन्हा चढवला. मग पहिल्या बेसकडे पाहून त्यानं दोन बोटं हलवली. थिओ दोन पावलं पुढे सरकला. ऑर्विननं पुन्हा बोटं हलवली. थिओ आणखी दोन पावलं पुढे आला.

"एवढ्या पुढे?" लॅरी पुटपुटला. "इतकं पुढे कुणी उभं राहत नाही."

चेंडू आला तो त्या दिवसातला सगळ्यात हळू चेंडू होता, बाहेरच्या कडेला, अगदी हाताच्या टप्प्याच्या टोकाला. मॅकगिलिव्हरेनं लांब होऊन बॅट घातली. बॅटच्या टोकाला लागून चेंडू खरडत पहिल्या बेसच्या बाजूला गेला, आणि थिओ तिथेच उभा होता. त्यानं वाकून तो उचलला. पण तो पुढे आलेला असल्यामुळे बेसवर कुणीच नव्हतं. बेसवर पिचरनं जायचं असतं.

ऑर्विन केव्हाच निघाला होता. बेचाळीस वर्षांचा माणूस, घट्ट लाल शर्ट, डोक्यावरची निळी टोपी उडून मागे पडलेली. पलीकडून मॅकगिलिव्हरे पाय आपटत येत होता, तेवीस-चोवीस वर्षांचा. आर्डिस ओरडत होती. काय ओरडत होती ते तिला नंतर आठवलं नाही, पण शेजारच्या बाईनं सांगितलं की ते नॉर्वेजियन होतं. थिओनं चेंडू हवेत सोडला, ऑर्विननं धावता धावताच तो पकडला, त्याचा पाय बेसवर पडला, मॅकगिलिव्हरे त्याच्या अंगावर आला आणि दोघं धुळीत लोळले.

पंच गुडघे वाकवून त्या धुळीत पाहत राहिला. मग ऑर्विनचा हातमोजा वर आला आणि त्यात चेंडू होता. पंचानं मूठ वर नेली.

बाद. संपला.

पुढची दहा मिनिटं कुणाला नीट सांगता येणार नाहीत. मिसेस स्क्राम्स्टाडनी एका कॅथलिक कसायाचा मुका घेतला, हे मात्र दोन्ही गावांनी पाहिलं.

आर्डिस गर्दीतून वाट काढत पोचली तेव्हा ऑर्विन बाकामागे एका उलट्या क्रेटवर बसला होता. डावा हात खांद्यापर्यंत बियरच्या बर्फाच्या टबात. कोपर सोललं होतं, एका भुवईवर माती होती. तिला पाहून तो म्हणाला, "शर्ट फाटला त्या माणसाचा." तिनं त्याच्या कपाळावरची माती रुमालानं पुसली.

लॅरी आला. बरोबर कुणी नव्हतं. तो समोर उभा राहिला, टोपी हातात चुरगळत. त्यानं काहीतरी पाठ करून आणलं असावं, पण ते त्याला आठवेना. "ऑर्विन," तो म्हणाला, "माझं चुकलं. मला माहीत नव्हतं."

"माहीत आहे मला, तुला माहीत नव्हतं ते," ऑर्विन म्हणाला. त्यानं बर्फात हात थोडा हलवला. "थिओ कुठे उभा होता, पाहिलंस?"

"पाहिलं."

"तू चार पावलं मागे उभा राहतोस. तो चेंडू तुझ्या हातात येईपर्यंत तो माणूस बेसवर पोचला असता. मे महिन्यापासून बघतोय मी. विनथ्रॉपशी हरलो तेव्हाही तेच, आणि त्या पावसाच्या रविवारी दोनदा."

लॅरीचं तोंड उघडंच राहिलं. "मे महिन्यापासून? मग सांगितलं का नाही?"

ऑर्विननं खांदे उडवले. एक खांदा टबात असल्यामुळे एकच उडाला. "तू काही विचारलं नाहीस. आणि मीही आपणहून बोललो नाही. माझंही चुकलंच म्हण."

पलीकडे सेंट आल्बिनची बस भोंगा वाजवत होती. फादर दारात उभे राहून सगळ्यांना हाकारत होते. उद्या दोन वाजता पुढचा सामना होता, आणि ऑर्विननं रात्री काय खायचं, किती वाजता झोपायचं याची त्यांनी आत्ताच यादी केली होती. ऑर्विननं तिकडे पाहून मोकळा हात वर केला, येतो म्हणून. पण तो उठला नाही.

लॅरीनं इकडेतिकडे पाहिलं, दुसरा क्रेट ओढला आणि त्याच्यासमोर बसला. खिशातून त्यानं शाळेतला खडू लागलेला एक पेन्सिलीचा तुकडा काढला. कागद नव्हता. आर्डिसनं पर्समधून चर्चचं पत्रक काढून दिलं, मागची बाजू कोरी होती.

"आणखी काय बघितलंत?" लॅरीनं विचारलं.

"भरपूर," ऑर्विन म्हणाला. "डेलपासून सुरू करतो. पोराचा हात चांगला आहे, पण तो वेगाचा चेंडू टाकायचा असला की जीभ बाहेर काढतो. सेंट आल्बिनच्या सगळ्या बाकाला ते माहीत होतं. लिहून घे. मग तुझा तो तिसऱ्या बेसवरचा..."

बसचा भोंगा पुन्हा वाजला. लॅरी लिहीत होता, ऑर्विन बोलत होता, आणि आर्डिस फादरना आणखी पाच मिनिटं थांबायला सांगायला निघाली.